पुस्तिकेत नसलेले शब्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, शिक्षण, विवाहातील अनिष्ट खर्च अशा विषयांवर आजवर पुष्कळ विद्वानांनी विचार मांडले आहेत. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, हयात प्राथमिक शाळेत गेलेली. मजकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवणार नाही हे मी जाणतो. परंतु अभ्यासिकेतील जुने संगणक पुन्हा चालते करण्याचे काम मंडळाने मजकडे सोपविल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. "गुरुजी, हे पुस्तिकेत कोठेच दिलेले नाही, मग तुम्हांला कळले कसे?" त्या प्रश्नाचे उत्तर आज सविस्तर द्यावे, अशी चिटणीसांची सूचना होती. ती मला पसंत पडली, कारण हे उत्तर ज्याला वाचता येते अशा कोणालाही उपयोगी पडण्याजोगे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशी यंत्रे घरोघरी पडून राहिली. भंगारवाला त्यांचे वजन करतो, विद्यार्थ्याला मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी पैसे मोजून दुसऱ्याच्या दुकानात बसावे लागते. अशा यंत्रांना लिनक्स हा मोठा आधार आहे. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्या गाभ्याभोवती इतर आज्ञावली जमवून संपूर्ण प्रणाली तयार करणारे अनेक संघ पुढे उभे राहिले. त्यांपैकी इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये आरंभिलेला डेबियन हा मला अधिक परिचयाचा. म्हणून माझी बहुतेक उदाहरणे तेथलीच असतील.

प्रणाली यंत्रावर बसवून देणाऱ्या आज्ञावलीस इन्स्टॉलर म्हणतात. डेबियनचा सध्याचा इन्स्टॉलर २००५ च्या जूनमधील 'सार्ज' या आवृत्तीपासून आला. २००९ च्या फेब्रुवारीत निघालेल्या 'लेनी' आवृत्तीत तो ६३ भाषांत उपलब्ध झाला, आणि त्या वेळी नव्याने आलेल्या भाषांत आपली मराठी होती. मात्र ती चित्रमय इन्स्टॉलरमध्येच दिसते. साध्या अक्षरपटलावर देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटविण्याची सोय नसल्याने तेथील यादीत मराठीचे नाव येत नाही. "मराठी काढून टाकली" अशी तक्रार एका तरुणाने मजकडे केली होती, तिचे कारण एवढेच.

आता मूळ विषय. यंत्र सुरू होताच इन्स्टॉलरची जी पहिली निवडपट्टी दिसते, तेथे काही यंत्रांवर टॅब कळ, तर काहींवर 'ई' ही कळ दाबली असता एक ओळ उघडते. त्या ओळीत आपण आणखी शब्द लिहू शकतो. त्यांना मी बूट-शब्द म्हणतो. उदाहरणार्थ 'लँग्वेज=एमआर' असे लिहिले तर भाषेचा प्रश्न न विचारता मराठी धरली जाते. (प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत लिहावयाची असतात. स्मरणिकेत मी उच्चाराप्रमाणे देत आहे.) यांतील नेहमीच्या शब्दांची यादी डेबियनच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि ती मार्गदर्शिका उत्तम आहे. परंतु गावचा नकाशा कितीही चांगला असला तरी शिवारातील प्रत्येक पायवाट त्यात काढलेली नसते, तसेच येथे आहे.

पायवाटा नकाशात का नसतात? पुष्कळांस वाटते की, जाणकार मंडळी हे शब्द मुद्दाम लपवून ठेवतात. मला तसे आढळले नाही. मार्गदर्शिका लिहिणारे स्वयंसेवक वेगळे आणि आज्ञावली लिहिणारे वेगळे. एखादा शब्द लाखात एकाला लागणारा असतो, एखादा केवळ चाचणीसाठी ठेवलेला असतो, आणि एखादा मार्गदर्शिका लिहून झाल्यानंतर जन्मास येतो. लपविण्याचा हेतू असता तर मूळ संहिता सर्वांसाठी उघडी ठेवली नसती. आणि ती उघडी आहे, हीच या सर्व प्रकारातील मुख्य गोष्ट होय.

बूट-शब्दाचा प्रवास एकदा समजला म्हणजे शोध कोठे घ्यावयाचा हे आपोआप कळते. ओळीतील सर्व शब्द प्रथम कर्नलच्या हाती पडतात. जे त्याच्या ओळखीचे असतात ते तो स्वतः पाळतो. त्यांची लांबलचक सूची कर्नलच्या कागदपत्रांत 'कर्नल-पॅरामीटर्स' या नावाने मिळते. जे ओळखीचे नसतात, आणि ज्यांत बरोबरचे चिन्ह असते, ते तो टाकून देत नाही. पुढे सुरू होणाऱ्या पहिल्या आज्ञावलीच्या परिसरात ठेवून देतो. शिवाय संपूर्ण ओळ 'प्रॉक' निर्देशिकेतील 'सीएमडीलाइन' या फाइलीत जशीच्या तशी वाचावयास मिळते. कर्नलच्या २०२१ सालच्या ५.१४ आवृत्तीपासून तर "हे शब्द माझ्या ओळखीचे नाहीत, पुढे पाठवीत आहे" अशा अर्थाची नोंदही तो करतो. ती पाहून पुष्कळ जण घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही, इन्स्टॉलरसाठी लिहिलेले शब्द कर्नलला अनोळखी असणारच.

यापुढे डेबियनचा इन्स्टॉलर काय करतो ते पाहू. सरकारी कचेरीत खिडकीवरचा कारकून नाव, गाव, वय एकेक विचारीत बसतो. आपण अगोदरच भरलेला अर्ज पुढे केला तर तो ते प्रश्न विचारीत नाही, सरळ शिक्का मारतो. इन्स्टॉलरचेही तसेच आहे. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला एक नाव आहे, आणि त्या नावात घटकाचे नाव, तिरपी रेघ व प्रश्नाचे नाव असा क्रम असतो. यजमानसंगणकाचे नाव विचारणारा प्रश्न 'नेटसीएफजी/गेट_होस्टनेम' होय. बूट-ओळीत अशी तिरपी रेघ असलेले काहीही 'नाव=उत्तर' या रूपात आले की, आरंभीच धावणारी एक छोटी लिपी ते उचलते आणि भरलेल्या अर्जात नोंदविते. ती लिपी यादी पाहत नाही. कोणतेही नाव तिला चालते.

हे कळले तेव्हा माझ्या दृष्टीने सारा प्रश्नच पालटला. इन्स्टॉलरमध्ये जितके प्रश्न तितके बूट-शब्द! मग वेगळी यादी शोधीत हिंडण्याचे कारण उरत नाही. प्रश्नांच्या फाइली हीच यादी. या फाइलींना 'टेम्प्लेट्स' म्हणतात. त्यांत प्रत्येक प्रश्नाचे नाव, प्रकार (होय-नाही, मजकूर, निवड), न विचारता धरले जाणारे उत्तर आणि वर्णन अशी साधी रचना असते. आज्ञावली लिहिता न येणाऱ्या माणसालाही ती वाचता येते. काही प्रश्नांच्या वर्णनात इंग्रजीत एक ठरावीक वाक्य आढळते. त्याचा अर्थ, "अंतर्गत उपयोगासाठी, उत्तर आगाऊ देता येते." हे प्रश्न पडद्यावर कधीच येत नाहीत. म्हणूनच मार्गदर्शिकेत न सापडणारे पुष्कळ शब्द या एका वाक्याच्या मागोव्याने मिळतात.

या फाइली मिळवाव्यात कशा? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इन्स्टॉलर चालू असतानाच ऑल्ट व एफ२ या कळा दाबणे. चित्रमय प्रकारात त्यांजबरोबर कंट्रोल कळही लागते. एक काळा पडदा येतो व आज्ञा लिहिता येतात. 'व्हार' निर्देशिकेखाली 'लिब', त्याखाली 'डीपीकेजी' व 'इन्फो' असे उतरत गेले म्हणजे त्या क्षणापर्यंत दाखल झालेल्या घटकांच्या सर्व टेम्प्लेट्स फाइली दिसतात, आणि 'ग्रेप' या शोधआज्ञेने हवा तो शब्द त्यांत हुडकता येतो. ऑल्ट व एफ४ या कळांनी नोंदवहीचा पडदा मिळतो. काय बिघडले ते तेथे पाहावे. परंतु "त्या क्षणापर्यंत दाखल झालेल्या" हे शब्द लक्षात ठेवावे. आरंभी केवळ मोजके घटक स्मृतीत असतात. हार्ड डिस्कचे भाग पाडणारे घटक मागाहून येतात. माझ्या एका विद्यार्थ्याने आरंभीचा प्रारंभ-संपुट, म्हणजे 'इनिटआरडी' नावाची दाबून बसविलेली फाइल, मोठ्या कष्टाने उलगडली आणि विभाजनाचा एकही प्रश्न न मिळाल्याने तो निराश झाला. ते प्रश्न तेथे नसतातच. चकतीवरच्या 'पूल' निर्देशिकेत 'यूडेब' या प्रत्यय असलेल्या छोट्या गाठोड्यांत ते असतात, आणि ती गाठोडी वेगळी उघडावी लागतात.

काम आटोपल्यावर शोध घ्यावयाचा असेल तर आणखी एक सोय आहे. बसविलेल्या प्रणालीवर 'डेबकॉन्फ-यूटिल्स' हा संच घालून 'डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स' ही आज्ञा 'इन्स्टॉलर' या विशेषासह चालविली म्हणजे विचारलेले व न विचारलेले सर्व प्रश्न आणि त्यांची उत्तरे कागदासारखी पुढे येतात. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा कागद फार आवडतो, हे कबूल करतो! मात्र तो सबंध उचलून पुढच्या यंत्रावर वापरू नये, असा इशारा मार्गदर्शिकेतच आहे. त्यांतील काही उत्तरे इन्स्टॉलरने स्वतःसाठी लिहिलेली असतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. अभ्यासिकेतील चार जीबी स्मृतीच्या यंत्रांवर डेबियन १२ बसविताना, 'सर्व डिस्क वापरा' हा सोपा मार्ग निवडला की स्वॅपसाठी सुमारे एक जीबीच जागा राखली जाई. स्वॅप म्हणजे स्मृती अपुरी पडली की डिस्कचा जो भाग तिच्याऐवजी तात्पुरता वापरतात तो. मुले एकाच वेळी दहा-बारा पाने उघडून बसतात. तेव्हा ही जागा मला अपुरी वाटली. पडद्यावर तिचे प्रमाण विचारले जात नव्हते, आणि मार्गदर्शिकेतील बूट-शब्दांच्या प्रकरणात त्याविषयी अक्षर नव्हते. विभाजन करणाऱ्या 'पार्टमन-ऑटो' या घटकाची टेम्प्लेट्स फाइल वाचताना 'पार्टमन-ऑटो/कॅप-रॅम' हे नाव आढळले. धरलेले उत्तर १०२४, आणि वर्णनात ते ओळखीचे वाक्य. स्वॅपचे गणित करताना यंत्राची स्मृती जास्तीत जास्त किती समजावी, ती ही मर्यादा. यंत्रात चार जीबी असोत की सोळा, हिशेबापुरते एकच धरले जात होते. बूट-ओळीत या नावापुढे ४०९६ लिहिले, आणि स्वॅप स्मृतीच्या प्रमाणात आले. त्या ओळीचा शोध घेण्यास दोन संध्याकाळी लागल्या. नंतर प्रत्येक यंत्रावर ती लिहिण्यास एक मिनिट पुरे झाले. डेबियन १३ वर काम करणाऱ्याने मात्र हे नाव व हे गणित त्या आवृत्तीच्या फाइलीत स्वतः पाहूनच वापरावे.

दुसरा मार्ग, फार सोपा व फार दुर्लक्षित, म्हणजे दुसऱ्याने तयार केलेल्या चकतीची बूट-ओळ वाचणे. काही वर्षांपूर्वी उबुंटूचा अक्षरपटलावरील इन्स्टॉलर यूएसबी कांडीवर घालून चालविला की, "सीडी सापडत नाही" असे म्हणून तो अडून बसे. तो त्याच कांडीवरून चालू झालेला असे, पण शोधीत असे सीडीचे यंत्र. लोक हैराण होत. आणि गंमत अशी की, उबुंटूचीच कांडी तयार करून देणारी आज्ञावली आपल्या बूट-फाइलीत 'सीडीरॉम-डिटेक्ट/ट्राय-यूएसबी=ट्रू' हा शब्द गुपचूप घालीत होती. म्हणजे उत्तर त्या कांडीवरच, साध्या मजकुराच्या फाइलीत, कोणीही उघडून वाचावे असे पडलेले होते.

रेड हॅट व फेडोरा यांचा 'ॲनाकोंडा' नावाचा इन्स्टॉलर निराळ्या पद्धतीने चालतो. त्याचे बूट-शब्द 'इन्स्ट' आणि टिंब यांनी सुरू होतात आणि तिरपी रेघ असलेल्या नावांचा आपला नियम तेथे लागू पडत नाही. पण शोधाची वाट तीच. त्याच्या आरंभीच्या लिप्यांत 'गेटआर्ग' हा शब्द जेथे जेथे येतो, तेथे तेथे बूट-ओळीतील एखादी गोष्ट वाचली जाते. तेवढाच शब्द हुडकला तरी आरंभीच्या टप्प्याची बरीचशी यादी हाती लागते.

आता धोक्याविषयी बोलले पाहिजे, आणि ते मी आवर्जून बोलतो. लिहिलेला शब्द चुकला तर इन्स्टॉलर तक्रार करीत नाही. एक अक्षर कमी पडले तरी तो तुमचा शब्द एक निरुपयोगी नोंद म्हणून बाळगतो आणि आपल्या वाटेने जातो. म्हणून शब्द लिहिल्यावर तो पोहोचला की नाही हे काळ्या पडद्यावर 'डेबकॉन्फ-गेट' या आज्ञेपुढे प्रश्नाचे नाव देऊन पाहावे. शब्दांची संख्याही बेताची ठेवावी. असे शब्द बत्तीसपेक्षा अधिक झाल्यास कर्नल जागच्या जागी थांबू शकतो, असा इशारा मार्गदर्शिकेत आहे. ओळीत तीन आडव्या रेघा असतील तर त्यांच्या अलीकडचे शब्द इन्स्टॉलरपुरते असतात, पलीकडचे शब्द बसविलेल्या प्रणालीतही जाऊन बसतात. तेव्हा जागा पाहून लिहावे.

सर्वांत मोठा धोका विभाजनाच्या शब्दांचा. 'प्रायॉरिटी=क्रिटिकल' लिहून प्रश्नांची तोंडे बंद करावयाची आणि 'पार्टमन/कन्फर्म=ट्रू' लिहून आगाऊ होकार देऊन ठेवावयाचा, असे केले आणि विभाजनाची इतर उत्तरेही भरलेली असली तर इन्स्टॉलर एकदाही न विचारता डिस्क पुसून मोकळा होतो. एखाद्या घरातील लग्नाचे, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो त्या डिस्कवर असतील. कोणत्याही नव्या शब्दाची परीक्षा प्रथम आभासी यंत्रात किंवा रिकाम्या डिस्कवर घ्यावी, आणि सभासदांच्या घरचे यंत्र असेल तर डिस्कची प्रत काढल्याखेरीज बूट-ओळीस हातच लावू नये. यात मी कोणाची भीड धरीत नाही व पुढेही धरणार नाही.

आणखी एक. सांगोवांगीचे शब्द आजीबाईच्या बटव्यातील औषधासारखे पसरतात. 'नोमोडसेट' हा त्यांतला राजा. पडदा काळा राहत असेल तर चित्रपटलाचे चालक आरंभी स्वस्थ बसवावे, एवढेच त्याचे काम, आणि ते कर्नलच्या सूचीत नीट लिहिलेले आहे. पण कोणीतरी कधीतरी लिहिला म्हणून तो प्रत्येक यंत्रावर कायम ठेवतात, मग पडदा अंधुक आणि यंत्र मंद का याची चर्चा वर्षभर चालते. शब्द वापरण्यापूर्वी तो कोणत्या फाइलीत वाचला जातो हे ज्याने स्वतः पाहिले नाही, त्याने तो दुसऱ्यास सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तिकेत नसलेल्या शब्दाला कोणाचेही वचन नसते, हेही समजून असावे. कळफलकाच्या मांडणीचा प्रश्न तर मार्गदर्शिकेत लिहिलेला होता, तरी त्याचे पूर्ण नाव आवृत्तीगणिक बदलले. 'कीमॅप' हे त्याचे छोटे टोपणनाव वापरणाऱ्यांस मात्र त्याची झळ लागली नाही. अशी टोपणनावे 'प्रीसीड_अलायसेस' या एका लहानशा फाइलीत एकत्र आहेत. जेथे टोपणनाव आहे तेथे तेच वापरावे. बत्तीस-बिटी यंत्रांच्या बाबतीत आवृत्ती पाहणे अधिकच अगत्याचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. त्यांना १२ हीच शेवटची, आणि त्यांवर चालणारे शब्दही त्याच आवृत्तीच्या फाइलींत पाहावे लागतील.

शेवटी, असा शब्द सापडला आणि तो उपयोगी ठरला, तर तो आपल्याजवळच ठेवण्याचे कारण नाही. डेबियनची मार्गदर्शिका हीदेखील 'इन्स्टॉलेशन-गाइड' या नावाचा एक संच आहे, आणि इतर कोणत्याही संचाप्रमाणे तिच्यातील उणीव ईमेलने कळविता येते. पत्र इंग्रजीत लिहावे लागते. साधे, चुकतमाकत लिहिलेले इंग्रजी चालते. त्यात इन्स्टॉलरची आवृत्ती, यंत्राचा प्रकार, शब्द, तो कोणत्या फाइलीत मिळाला, तो लिहिल्याने काय झाले आणि न लिहिता काय होत होते, इतके असावे. नोंदवहीतील संबंधित भाग जोडावा, मात्र त्यात घरच्या वायफायचा संकेतशब्द राहून गेला नाही ना, हे पाठविण्यापूर्वी डोळ्यांखालून घालावे.